हप्ते चालू, तरी समन्स: मुंबईत कोणती सेवा कामाला येते

कर्ज थकलं, बँकेशी बोलून हप्ते बांधून घेतले, सात-आठ हप्ते गेलेही आणि एके दिवशी कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन दारात. मुंबईत हा प्रकार नवा नाही. बँकेचा वसुली विभाग इकडे हप्ते घेत असतो आणि तिकडे बाहेरचं वकिलांचं ऑफिस मुदत संपायच्या आत दावा लावून मोकळं होतं. दोघांच्या फायली वेगळ्या, दोघांचे साहेब वेगळे. ‘आमचं तर ठरलंय, मग कोर्ट कसलं?’ हा प्रश्न रास्त आहे. पण तो कागदावर मांडून दाखल केला नाही, तर न्यायाधीशांपर्यंत पोहोचतच नाही.

साध्या वैयक्तिक कर्जाला ‘परतफेड योजना सुरू आहे’ एवढ्यावर कोर्टाची कारवाई थांबवणारं कवच आपल्याकडे नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला आहे. त्यामुळे समन्स आल्यावर माणूस ज्या चार दारांशी जातो, म्हणजे कर्जतडजोड कंपनी, मोफत विधी सेवा, स्वतःचा वकील आणि लोकअदालत, त्यांची पारख इथे एकाच प्रश्नावर केली आहे: वकीलपत्रावर (तुमच्या वतीने कोर्टात उभं राहण्याच्या अधिकारपत्रावर) सही कुणाची असणार आणि ते कोणत्या तारखेला दाखल होणार? ‘आम्ही बघतो’ हे या प्रश्नाचं उत्तर नव्हे.

आधी समन्सच्या पुडक्याकडे बघू. जाडजूड असतं, पण खरा कामाचा असतो वरचा एक कागद. त्यावर ‘समरी सूट’ (झटपट निकालाचा दावा) किंवा ‘ऑर्डर ३७’ (दिवाणी प्रक्रिया संहितेतला त्याचा आदेश ३७) असे शब्द असतील तर हजेरीसाठी फक्त १० दिवस असतात. साधा दिवाणी दावा असेल तर लेखी कैफियतीला, म्हणजे तुमच्या लेखी उत्तराला, ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९० पर्यंत. ३ लाख किंवा त्याहून मोठा व्यावसायिक दावा असेल तर कमाल १२०, त्यानंतर दार बंद. अशा व्यावसायिक दाव्यात तातडीचा दिलासा मागितलेला नसेल, तर बँकेने दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे. ती केली नसेल तर दावाच फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. वकिलाला पहिल्याच भेटीत हे तपासायला सांगावं.

समन्स नाकारणं हा सर्वांत महागडा शहाणपणा. नाकारलेला समन्स बजावलेला धरला जातो. घर बंद असेल तर दारावर चिकटवतात आणि तेही पुरतं. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने क्रेडिट कार्डाच्या वसुलीतल्या एका प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस, संदेश उघडल्याच्या निळ्या टिका दिसल्यामुळे, पोहोचली असं मानलं. तेव्हा ‘आम्हाला मिळालंच नाही’ हा बचाव फार लांब जात नाही. समन्स घ्या, पाकीट जपून ठेवा, त्यावर मिळाल्याची तारीख घाला. दिवस मोजताना समन्स मिळाल्याचा दिवस सोडायचा: ३ तारखेला मिळाला तर दहावा दिवस १३. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी.

मुंबईत असे पैशांचे दावे बहुतेक नगर दिवाणी न्यायालयात येतात. २०२४ पासून त्याची मर्यादा १ कोटीवरून १० कोटींवर गेली आहे. ओव्हल मैदानाशेजारची फोर्टची इमारत सगळ्यांना ठाऊक असते, पण उपनगरातले अनेक दावे दिंडोशीला चालतात. नोटिशीवरचं कोर्टाचं नाव न वाचता सवयीने चर्चगेटची गाडी पकडली की अर्धा दिवस गेलाच. धोबीतलावचं लघुवाद न्यायालय भाड्याच्या भांडणांसाठी प्रसिद्ध असलं तरी पैशांच्या दाव्यात त्याची मर्यादा १०,००० रुपयांची. बँकेचा दावा तिथे सहसा नसतो.

समन्स खरा आहे का, हे ई-कोर्ट्सच्या ॲपवर पाच मिनिटांत कळतं. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा सीएनआर क्रमांक १६ अक्षरांचा असतो. तो टाकला की पक्षकार, कोर्टखोली, पुढची तारीख सगळं येतं. वसुली एजंट व्हॉट्सॲपवर धाडतात त्या अशोकचक्र छापलेल्या ‘कोर्ट ऑर्डर’ला हा क्रमांक नसतो, किंवा असला तर भलत्याच प्रकरणाचा निघतो. फुकट सेवा आहे, मराठीतही चालते. पाचपैकी चार गुण. एक कापला तो रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेची नोंद, उशिरा चढतो म्हणून.

आता समरी दाव्याचं अंतरंग, कारण इथेच बहुतेक सेवा उघड्या पडतात. यात दहा-दहा दिवसांच्या दोन खिडक्या असतात आणि लोक त्या एकच समजतात. पहिल्या दहा दिवसांत फक्त हजेरी नोंदवायची: स्वतः किंवा वकिलामार्फत, नोटीस पाठवण्याचा पत्ता देऊन, आणि त्याच दिवशी वादीच्या वकिलाला तसं कळवून. बचाव इथे मांडायचा नसतो. हजेरी चुकली की दाव्यातलं सगळं कबूल धरून हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल, होऊ शकतो. हजेरी झाल्यावर बँक ‘समन्स फॉर जजमेंट’, म्हणजे निकाल मागणारा दुसरा समन्स, बजावते, सोबत तिचं प्रतिज्ञापत्र. तिथून पुन्हा १० दिवस, आणि या दहांत बचावाची परवानगी मागणारं प्रतिज्ञापत्र द्यायचं. कोर्टातल्या बोलीत ‘लीव्ह टू डिफेंड’.

दुसरी खिडकी चुकण्याचं नेहमीचं कारण हास्यास्पद वाटेल इतकं साधं असतं: हजेरीच्या वेळी दिलेला पत्ता. कुणी जुन्या भाड्याच्या घराचा देतं, कुणी तडजोड कंपनीच्या अंधेरीतल्या किंवा बंगळुरूतल्या ऑफिसचा. समन्स फॉर जजमेंट तिथे जाऊन पडतो, रिसेप्शनवरची मुलगी सही करून घेते आणि घड्याळ सुरू होतं. पत्ता असा द्यावा की जिथे कागद त्याच दिवशी तुमच्या हातात येईल. उशीर झालाच तर सबळ कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. पण ‘कंपनी बघणार होती’ हे कारण सबळ ठरवणं वकिलाला जड जातं.

प्रतिज्ञापत्र कसं असावं? बहुतेक ठिकाणी ‘दाव्यातील मजकूर खोटा असून मान्य नाही’ या छापाची चार पानं मिळतात. त्याने काही हलत नाही. परवानगी द्यायची की नाही हे बचावात दम आहे का, यावर ठरतं. दम असतो आकड्यांत. समजा थकबाकी २,८८,००० रुपये, योजना दरमहा १२,००० चे २४ हप्ते, नऊ हप्ते भरले आणि नंतर २,९६,००० चा दावा आला. दाव्यासोबतचा हिशोबाचा तक्ता घ्या आणि प्रत्येक हप्त्यासमोर खूण करत जा. अनेकदा असं दिसतं की सातच हप्ते, म्हणजे ८४,००० जमा धरलेत. उरलेले दोन एजंटने पाठवलेल्या लिंकवरून वसुली एजन्सीच्या खात्यात गेले आणि कर्जखात्यात चढलेच नाहीत. मग मजकूर असा येतो:

‘वादीने दि. ४ मार्चच्या पत्राने थकबाकी दरमहा १२,००० रुपयांच्या २४ हप्त्यांत स्वीकारण्याचे मान्य केले. प्रतिवादीने त्याप्रमाणे ९ हप्त्यांचे १,०८,००० रुपये भरले असून प्रत्येक भरण्याचा यूटीआर (बँक व्यवहार) क्रमांक निशाणी ‘ब’मध्ये आहे. दाव्यातील तक्त्यात ८४,००० रुपयेच जमा दाखवले आहेत. दावा दाखल झाला त्या तारखेस एकही हप्ता थकलेला नव्हता.’

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहायचं. हे शपथेवरचं निवेदन आहे. पण खरं असेल तर सगळ्यात जास्त वजन त्याच वाक्याचं. कारण आदेश ३७ मध्ये एक खाच आहे: प्रतिवादीने दाव्यातला काही भाग देणं असल्याचं कबूल केलं, तर ती रक्कम कोर्टात भरल्याशिवाय बचावाची परवानगी मिळत नाही. ‘मी २,८८,००० देणं लागतो, पण हप्त्याने देतोय’ असं भाबडेपणाने लिहिणारा आपल्याच हाताने लाखोंची अट ओढवून घेतो. देणं असणं वेगळं आणि देण्याची तारीख उलटणं वेगळं. करार अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे घेणेकरी मुदत वाढवून देऊ शकतो, त्यासाठी वेगळा मोबदला लागत नाही. बँकेने मुदत वाढवली आणि कर्जदाराने ती पाळली, तर पूर्ण रक्कम आज वसूल करण्याचा हक्कच अजून आलेला नाही, ही मांडणी त्यावर उभी राहते.

हा युक्तिवाद कधी ढासळतो तेही सांगायला हवं. योजना फक्त फोनवर ठरलेली असेल तर. पत्र बँकेचं नसून एजन्सीच्या लेटरहेडवर असेल तर. आणि पत्राच्या तळाशी ‘या सवलतीने बँकेच्या कायदेशीर हक्कांना बाधा येणार नाही’ अशी ओळ असेल तर. ती ओळ जवळजवळ प्रत्येक छापील पत्रात असते. मग पूर्ण बचाव उरत नाही. हिशोबाची चूक, व्याज आणि दंडाची आकारणी, आणि हप्ते बांधून देण्याची विनंती एवढंच हातात राहतं. तेही कमी नाही, पण ‘केस उडवून देतो’ म्हणणाऱ्याला तिथेच राम राम करावा.

पुराव्याचं एक कलम सगळे विसरतात. बँकेच्या ॲपचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲप संदेश हे इलेक्ट्रॉनिक पुरावे आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. आपल्या बँकेतून शिक्का मारलेला खातेउतारा आणला तर काम सोपं होतं. योगायोगाने करार अधिनियमातही कलम ६३ च आहे. दोन्ही ६३ ची सरमिसळ झालेली प्रतिज्ञापत्रं पाहायला मिळतात.

आता सेवांकडे.

कर्जतडजोड कंपन्यांचं एक काम चांगलं असतं: वसुलीचे फोन अंगावर घेणं आणि बँकेशी पत्रव्यवहार. रोजच्या शिव्यांनी गांजलेल्या माणसाला तेवढाही आधार मोठा वाटतो. पण कराराची बारीक अक्षरं वाचा. बहुतेकांत स्पष्ट लिहिलेलं असतं की न्यायालयात हजर राहणं सेवेत समाविष्ट नाही. दरमहाची फी चालू, वर तडजोड झाली की मिळालेल्या सवलतीवर टक्केवारी, आणि समन्स आला की ‘पॅनेलवरचे वकील’ वेगळ्या पैशांत. समन्सचा फोटो ग्राहकाने ॲपवर चढवला की ‘तिकीट’ तयार होतं, त्याला दोन-तीन दिवसांनी उत्तर येतं आणि उत्तरात असतं बँकेला पाठवलेलं एक पत्र. बँकेला पाठवलेलं पत्र म्हणजे कोर्टात हजेरी नव्हे. दहापैकी चार दिवस असेच जातात. काही कंपन्या तर ‘हप्ते थांबवा, पैसे साठवा, मग एकरकमी तोडू’ असा सल्ला देतात. वर जो बचाव दाखवला, त्याचा कणाच त्या सल्ल्याने मोडतो, कारण योजना पाळल्याचं मग म्हणता येत नाही.

बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने वकील नसलेल्याशी फी वाटून घेता येत नाही आणि निकालावर अवलंबून टक्केवारीही घेता येत नाही. म्हणून पॅनेलच्या वकिलाची स्वतंत्र पावती मागावी, वकीलपत्रावर त्यांचं नाव आणि सनद क्रमांक बघावा. पावती द्यायला खळखळ झाली तर काय ते समजा. समन्स येण्याआधी, फक्त पत्रव्यवहारासाठी, पाचपैकी अडीच. समन्स आल्यानंतर एक.

मोफत विधी सेवेबद्दल मुंबईकरांत एक गैरसमज घट्ट बसला आहे की ती फक्त फौजदारी आरोपींसाठी असते. तसं नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. म्हणजे कर्ज पत्नीच्या नावावर असेल, किंवा ती सहकर्जदार म्हणून प्रतिवादी असेल, तर तिला हा हक्क आहे, घरात कुणीही कितीही कमावत असो. मसुदा, कोर्ट फी, वकिलाची फी सगळं यात येतं आणि नेमलेल्या वकिलाने पक्षकाराकडून पैसे घ्यायचे नसतात.

अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा ऑनलाइन, मदतीचा फोन १५१००. आधार, उत्पन्नाचं किंवा जातीचं प्रमाणपत्र आणि समन्सची पूर्ण प्रत लागते. पूर्ण म्हणजे तक्त्यासकट सगळी पानं. फक्त पहिलं पान नेलं तर वकील नेमला जातो पण मसुदा अडतो. या सेवेची खरी उणीव वेग ही आहे. अर्ज, छाननी, नेमणूक, वकिलाचा फोन यात दहा दिवसांची पहिली खिडकी सहज निसटू शकते. तोड अशी की हजेरी स्वतः नोंदवावी. कायद्याने ती स्वतः नोंदवता येते. एक पानाचा अर्ज, स्वतःचा पत्ता, दावा क्रमांक, वादीच्या वकिलाला प्रत. फायलिंगच्या खिडकीवरून आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नये. मग दुसऱ्या दहा दिवसांपर्यंत नेमलेला वकील हाताशी येतो. अर्जावर ठळक लिहा: ‘समरी दावा, समन्स मिळाल्याची तारीख अमुक’. कारकुनाच्या टेबलावरच्या ढिगात तेवढ्यानेही कागद वर येतो. कामाचा दर्जा वकिलागणिक बदलतो हे खरं. पण हिशोबाचा तक्ता तुम्ही तयार करून नेलात तर चांगलं प्रतिज्ञापत्र निघतं. साडेतीन, आणि पात्र स्त्रियांसाठी बिनदिक्कत चार.

स्वतःचा वकील नेमणं हा सरळ मार्ग, पण फी टप्प्यावार ठरवून घ्यावी: हजेरी, प्रतिज्ञापत्र, परवानगीवरचा युक्तिवाद, तडजोड. ‘एकूण केसचे’ म्हणून ठोक आकडा घेतला की तिसऱ्या तारखेपासून ज्युनिअर येऊ लागतो आणि तोही फक्त पुढची तारीख घ्यायला. विचारायचे प्रश्न दोनच. समरी दाव्यात बचावाची परवानगी यापूर्वी कधी मिळवली आहे का? आणि दाखल झाल्याचा शिक्का असलेली प्रत मला त्याच दिवशी मिळेल का? दुसऱ्या प्रश्नावर कपाळाला आठी पडली तर दुसरा वकील बघावा. चार गुण, पण फक्त ज्याला फी झेपते त्याच्यासाठी. वसुलीच्या दाव्यापायी नवं कर्ज काढून वकील करणारेही भेटतात, आणि ते गणित कुठल्याच बाजूने जमत नाही.

लोकअदालतीची नोटीस आणि कोर्टाचं समन्स यांत लोक नेहमी गोंधळतात. दावा दाखल होण्यापूर्वीच्या लोकअदालतीला गेला नाहीत म्हणून हुकूमनामा होत नाही. तिथे तडजोड झाली तरच काही घडतं. पण एकदा निवाड्यावर सही झाली की तो हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून मंडपातल्या गर्दीत, बँकेच्या टेबलावर, ‘आत्ता सही करा, आजचीच ऑफर आहे’ या घाईत सही करू नये. कागद हातात घ्या आणि तीन ओळी शोधा: एकूण रक्कम किती, हप्ता चुकला तर काय, आणि आतापर्यंत भरलेले पैसे धरलेत की नाही. तिसरी ओळ बहुतेक नसते. ती हाताने लिहून दोन्ही बाजूंची आद्याक्षरं घेतली तरी चालतं. चार गुण, घाईचा एक कापून.

दावा चालू असतानाची सर्वांत पक्की तडजोड म्हणजे ‘कन्सेंट टर्म्स’, अर्थात संमतीच्या अटी, दोन्ही बाजूंच्या सहीने कोर्टात दाखल केलेल्या. रिझर्व्ह बँकेच्या ८ जून २०२३ च्या परिपत्रकातही म्हटलं आहे की न्यायप्रविष्ट वसुलीत केलेली तडजोड ही संमतीच्या हुकूमनाम्याच्या अधीन असावी. त्यामुळे ‘पत्र घ्या, पैसे भरा, केस आम्ही काढून घेऊ’ म्हणणाऱ्या बँकेच्या माणसाला हे परिपत्रक दाखवणं हा तुमचा हक्कच आहे. त्याच परिपत्रकाप्रमाणे तीन महिन्यांपेक्षा लांबवलेली तडजोड ही पुनर्रचना धरली जाते. बँका लांब हप्त्यांना का कुरकुरतात याचं उत्तर इथे आहे. अटींमध्ये हप्ता चुकल्यास काय होईल, हे सांगणारं कलम काळजीने लिहून घ्या. ‘एक हप्ता चुकला तर संपूर्ण मूळ दावा व्याजासह वसूल’ हे बँकेचं आवडतं वाक्य. त्याऐवजी ‘सलग दोन हप्ते चुकल्यास, लेखी नोटिशीनंतर १५ दिवसांत न भरल्यास’ असं मागावं. बहुतेक वेळा एवढी सवलत मिळते. मागितलीच जात नाही, एवढंच. तडजोड जमलीच नाही आणि हुकूमनामा होणार हे दिसत असेल, तर तो देतानाच हप्ते बांधून द्यावेत असा अर्ज तोंडी नव्हे, लेखी द्यावा. हुकूमनाम्यानंतर हप्ते मिळायला बँकेची संमती लागते.

बोलणी चालू असताना ईमेलवर आकडे टाकायचे तर वर ‘विदाऊट प्रेज्युडिस’ (हक्कांना बाधा न येता) लिहावं. आणि एक गोष्ट तडजोड कंपन्या कधीच सांगत नाहीत: मुदत संपण्याआधी सही करून कर्ज कबूल केलं, किंवा सहीच्या कागदासह पैसे भरले, की दावा लावायची बँकेची तीन वर्षांची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. जुन्या कर्जावर ‘टोकन म्हणून ५०० रुपये भरा आणि या फॉर्मवर सही करा’ असा फोन येतो तो उगीच नाही.

पुडक्यात दिवाणी समन्स नसून दुसरंच काही असेल, तर ही सगळी पारख बदलते. योजनेसाठी दिलेला पुढच्या तारखेचा चेक परत गेला, तर नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे देण्याची संधी असते. नाही दिले तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची तक्रार, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड. ऑटो-डेबिट परत गेलं तरी पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याचं कलम २५ तसंच लागतं. म्हणून हप्त्यांसाठी २४ कोरे चेक देणं टाळावं. दरमहा आपल्या हाताने एनईएफटी करावी. लवादाची (कोर्टाबाहेर निवाडा करणाऱ्या पंचाची) नोटीस असेल आणि तो कर्ज देणाऱ्या कंपनीने एकतर्फी नेमला असेल, तर पहिल्याच उत्तरात लेखी हरकत घ्यावी. ‘हरकत नाही’ असं लिहिलेल्या कागदावर तर मुळीच सही करू नये. २० लाख आणि वरच्या बँक कर्जासाठी कर्जवसुली न्यायाधिकरण. तिथे उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते, पण त्याच वादावर कोर्टात प्रकरण चालू असेल तर ते ती ऐकत नाहीत, आणि तक्रारीने दाव्याची तारीखही थांबत नाही.

एकतर्फी हुकूमनामा झाल्यावरच जाग आली तर साध्या दाव्यात तो रद्द करून घ्यायला ३० दिवस, आणि समन्स नीट बजावलाच नसेल तर माहिती झाल्यापासून ३० दिवस. समरी दाव्यात ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते आणि सोबत दमदार बचावही. त्यानंतर येते दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग जप्त होत नाही. म्हणजे ४६,००० पगारात ४५,००० चा एकतृतीयांश, १५,००० रुपये, दरमहा जाऊ शकतात. प्रॉव्हिडंट फंडाला हात लागत नाही. ‘सगळा पगार गोठवू’ अशी धमकी देणाऱ्या एजंटला हा हिशोब शांतपणे ऐकवावा.

हुकूमनाम्यानंतरही अनेक जण बँकेत जाऊन पुन्हा हप्ते ठरवतात आणि भरत राहतात. ते पैसे कोर्टाबाहेर दिलेले असतात. त्यांची नोंद कोर्टात झाली नाही, तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते धरत नाही, आणि ही नोंद करून घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे. प्रत्येक भरण्यानंतर बँकेकडून पैसे मिळाल्याची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून घ्यायची. बँक टाळाटाळ करू लागली तर महिना उलटायच्या आत स्वतः अर्ज द्यायचा. शेवटचा हप्ता गेला की ‘नो ड्यूज’चं पत्र मिळतंच. ते घेऊन घरी जाण्याआधी कोर्टात जाऊन रोजनाम्यात दरखास्त निकाली निघाल्याची ओळ पाहावी आणि तिची प्रमाणित प्रत मागवावी.